प्रभातफेरीऐवजी विहिरीची नोंद : कोकणातील शाळकरी मुले आणि गावचे पाणी

पऱ्याकाठी

दरवर्षी २२ मार्चला जागतिक जलदिन येतो आणि कोकणातल्या बहुतेक शाळांतली मुले प्रभातफेरी काढतात. घोषणा दिल्या जातात, फलक रंगवले जातात, निबंध लिहून घेतले जातात. १९९३ पासून पाळल्या जाणाऱ्या या दिवसाला माझा विरोध नाही. परंतु रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक म्हणून काम करताना माझे असे मत झाले आहे की, आपल्या भागासाठी ही तारीख फार उशिराची आहे आणि नुसती घोषणा अपुरी आहे. मुलांनी गावाला पाण्याविषयी काही सांगायचे असेल, तर ते दसरा-दिवाळीच्या सुमारास सांगावे आणि आकडा हातात घेऊन सांगावे. या विषयावर इथे सविस्तर चर्चा व्हावी, म्हणून हा धागा काढत आहे.

उशिराची का, ते सांगतो. आपल्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो. डोंगरापासून समुद्र जवळ, उतार तीव्र आणि पायाखाली जांभा, म्हणजे तांबडा सच्छिद्र दगड. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, पडलेले पाणी एक तर कातळावरून वरच्या वर वाहून जाते, किंवा जांभ्याच्या भेगांतून खाली उतरते, त्याखालच्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. आपले पऱ्ये, म्हणजे लहान ओढे, आणि आपल्या विहिरी याच झऱ्यांवर चालतात. जांभा जितक्या लवकर पाणी पितो, जवळजवळ तितक्याच लवकर ते सोडूनही देतो. त्यामुळे ऑक्टोबरात पऱ्याला गुडघाभर पाणी असते, डिसेंबरात घोटाभर उरते आणि फेब्रुवारीत नुसते गोटे दिसतात. अडवायचे असते ते ऑक्टोबर-नोव्हेंबरातले पाणी. मार्च अखेरीस मुले 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणत गावातून फिरतात, तेव्हा अडवण्यासारखे काही शिल्लक नसते.

आमच्या शाळेत काही वर्षांपासून चालू असलेली पद्धत अशी आहे. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी पंप सुरू होण्यापूर्वी सातवीतली दोन-तीन मुले एका शिक्षकाबरोबर वाडीच्या सार्वजनिक विहिरीवर जातात. कठड्यावर तांबड्या रंगाची एक खूण केलेली आहे. त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून ते विहिरीशेजारच्या फळ्यावर लिहिले जाते. त्याच्याच शेजारी मागच्या वर्षीच्या त्याच आठवड्यातला आकडा असतो. मग गणिताच्या तासाला त्याचा हिशेब होतो. आमच्या विहिरीचा व्यास चार मीटर आहे. म्हणजे एक मीटर पाणी उतरले की साधारण साडेबारा हजार लिटर पाणी कमी झाले. वीतभर उतरले तरी सुमारे २,९०० लिटर गेले. जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. त्या हिशेबाने वीतभर पाणी म्हणजे पन्नासाहून अधिक माणसांची एका दिवसाची गरज. रात्रीतून झऱ्याने किती भरून येते, हे वेगळे मोजावे लागते, आणि मुलांनी ते एका सुटीत मोजलेही.

याचा परिणाम घोषणांपेक्षा निराळा झाला. फळा विहिरीवर असल्यामुळे पाण्याला येणारा प्रत्येक जण तो वाचतो. 'पाणी जपून वापरा' या वाक्याला कोणी उलट प्रश्न विचारत नाही आणि कोणी ते पाळतही नाही. परंतु 'मागच्या वर्षी याच शनिवारी पाणी खुणेपासून साडेतीन मीटरवर होते, आज पाच मीटरवर आहे' असे लिहिलेले दिसले की माणूस थांबतो, कारण विचारतो, वाद घालतो. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मुलांनी हे आकडे वाचून दाखवले, त्यानंतर पंपाची वेळ कमी करण्याचा ठराव झाला. पुढच्या नोव्हेंबरात ग्रामस्थांनी श्रमदानाने पऱ्यावर वनराई बंधारा, म्हणजे भरलेल्या गोण्यांचा तात्पुरता बांध, घातला. पऱ्यालगतच्या विहिरींना त्या वर्षी पाणी नेहमीपेक्षा उशिरापर्यंत टिकले. सड्यावरच्या वाडीला मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही आणि तो होण्यासारखाही नव्हता, कारण ती वाडी पऱ्याच्या कितीतरी वर आहे. तिथला प्रश्न अजून तसाच आहे.

आपापल्या गावातील अनुभव सांगावेत आणि या पद्धतीतील उणिवाही दाखवून द्याव्यात, ही विनंती.

खाडीकाठ

सर, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मालवण तालुक्यातील असून आमच्याकडे पाण्याचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आमच्या किनाऱ्यालगतच्या बावी, म्हणजे विहिरी, कोरड्या पडत नाहीत, मचूळ होतात. त्यामुळे बावीत डोकावून पाहणाऱ्याला वाटते की पाणी भरपूर आहे, आणि पंप चालूच राहतो.

याचे कारण मुलांना समजावून देण्यासारखे आहे. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा किंचित जड असते, म्हणून किनाऱ्याजवळच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक मीटर उंच असेल, तर त्याखाली सुमारे चाळीस मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असू शकते, असा भूजलशास्त्रातला ठोकताळा आहे. याचा अर्थ उलट बाजूनेही घ्यायला हवा. उपशामुळे वरची पातळी थोडीशी जरी खाली आली, तरी खालचे खारे पाणी त्याच्या कितीतरी पटीने वर सरकते. आमच्या भागात पर्यटन वाढले, न्याहारी-निवासाच्या खोल्या वाढल्या आणि त्याबरोबर कूपनलिकाही वाढल्या. एकदा खारे झालेले पाणी पुन्हा गोडे व्हायला पावसाळे जावे लागतात.

म्हणून आमच्या शाळेतील मुले पातळीबरोबर क्षारही मोजतात. त्यासाठी पेनाएवढा टीडीएस मीटर मिळतो. तो फारसा महाग नसतो. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या घन पदार्थांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. डिसेंबरात एक आकडा आणि एप्रिलमध्ये त्याच बावीचा दुसरा आकडा, असे दोन्ही शेजारी शेजारी लिहिले की खोल्या भाड्याने देणाऱ्यांनाही तो आपलाच प्रश्न वाटू लागतो, कारण पाहुणा पहिला घोट घेताच तक्रार करतो. आमच्याकडे दोन-तीन घरांनी पंपाचा वेळ स्वतःहून वाटून घेतला आहे. सगळ्यांनी घेतलेला नाही.

चाकरमानी

मुंबईतील आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या वतीने एक गोष्ट सांगतो. गेल्या एप्रिलमध्ये गावच्या शाळेतून मंडळातल्या प्रत्येक घरी एक पोस्टकार्ड आले. त्यावर मुलांच्या अक्षरात जानेवारीपासून एप्रिलपर्यंतची विहिरीची पातळी लिहिलेली होती आणि खाली एवढेच वाक्य होते : 'तुम्ही मे महिन्यात येणार आहात, आम्ही वाट पाहतो, तेव्हा विहिरीत पाणी इतके असेल.' माझ्या कार्डावरचे अक्षर माझ्या पुतणीचे होते.

आम्ही शिमग्याला जातो, मे महिन्यात जातो, गणपतीला जातो. गणपतीत पाण्याची ददात नसते. मे महिन्यात मात्र विहिरींचा तळ दिसत असतो आणि नेमकी त्याच वेळी गावाची लोकसंख्या दुप्पट-तिप्पट होते. शहरातल्या सवयी आमच्याबरोबर गावात येतात. नळ सोडून दात घासणे, रोज गाडी धुणे, अंगणात पाइप धरून धूळ बसवणे, हे सगळे आम्हीच करतो, आणि वर्षभर गावात राहणाऱ्या माणसांना संकोचापोटी बोलता येत नाही. मुलांच्या त्या कार्डामुळे मंडळाच्या बैठकीत हा विषय प्रथमच उघडपणे निघाला. गाड्या गावात न धुण्याचे ठरले आणि ते बहुतेकांनी पाळले. शिवाय बंधाऱ्यासाठी लागणाऱ्या गोण्या आणि विहिरीतला गाळ काढण्याची मजुरी मंडळाने उचलली. ज्या शाळांना शक्य आहे त्यांनी अशी पत्रे अवश्य पाठवावीत. मंडळाच्या समूहावर आलेला संदेश वर सरकून जातो, पत्र मात्र घरात कुठेतरी राहते.

घाटमाथा

मी मूळचा देशावरचा आहे, म्हणून विचारतो. आमच्याकडे शाळांच्या छपरावरचे पाणी गाळणखड्ड्यातून विहिरीत किंवा कूपनलिकेत सोडतात आणि त्याचा चांगला उपयोग होतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. तुमच्याकडील पावसाच्या हिशेबाने दोनशे चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर वर्षाला सहा लाख लिटर पाणी पडते. मुलांकडून या गोष्टीचा प्रसार का करून घेत नाही?

भूजल

घाटमाथा यांचा हिशेब बरोबर आहे, परंतु कोकणातील बहुतेक उथळ विहिरींना तो उपाय लागू पडत नाही. हा भेद मुलांनाही शिकवायला हवा. देशावरची विहीर जुलैत रिकामी असते, त्यामुळे तिच्यात पाणी सोडले तर ते साठते. कोकणातील विहीर जुलैत काठोकाठ भरलेली असते. कित्येक ठिकाणी कठड्यावरून हात घालून पाणी घेता येते. तिच्यात आणखी पाणी सोडून काय होणार? ते झिरपून पऱ्याला आणि पऱ्यातून समुद्राला जाईल. आपली अडचण साठा भरण्याची नाही, भरलेला साठा जानेवारीपर्यंत निसटून जाण्याची आहे. म्हणून पाऊस संपल्यावर वाहणारे पाणी अडवणे, सड्यावर चर आणि झाडोरा राखून पाण्याचा वेग कमी करणे, झऱ्याच्या वरच्या भागातली झाडे न तोडणे, हे उपाय आपल्याकडे अधिक कामाचे आहेत.

छपरावरचे पाणी टाकीत साठवायचे असेल, तर मात्र ते अतिशय उपयोगी आहे, विशेषतः सड्यावरच्या ज्या वाड्यांना बंधाऱ्याचा लाभ होत नाही त्यांच्यासाठी. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून बंद टाकीत घ्यावे. दहा हजार लिटरची टाकी असेल आणि पाच माणसांच्या घरात पिण्यास व स्वयंपाकास रोज पन्नास लिटर लागत असतील, तर ती दोनशे दिवस पुरते. नोव्हेंबरात टाकीला हात लावला तरी मे निघतो.

आणखी एक. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. शाळेची नोंद दर आठवड्याची असल्यामुळे पाणी नेमके कोणत्या पंधरवड्यात झपाट्याने उतरते, हे तिच्यातून कळते. अभ्यासकांनाही अशा नोंदी हव्या असतात, मात्र मोजण्याची जागा आणि वेळ बदलता कामा नये.

आगरातली

मला एक मुद्दा जरा स्पष्टपणे मांडायचा आहे. पाणी वाचवण्याचा उपदेश बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या कानी जातो. मुले शाळेतून येतात आणि आईला सांगतात की भांडी घासताना पाणी कमी वापर. जी बाई फेब्रुवारीनंतर पहाटे उठून झऱ्यावर वाटीवाटीने कळशी भरते, तिला पाण्याची किंमत कोणी सांगायला नको. कोकणातल्या घरांत मोरीचे पाणी माडाला, केळीला, अळवाला लावलेले असते. तांदूळ धुतलेले पाणी गुरांच्या दोणीत जाते. हे सगळे बायकांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळले आहे.

म्हणून मुलांनी जागृती करायची असेल, तर प्रथम घरात आणि गावात पाणी कोण कशासाठी वापरते याची पाहणी करावी. आमच्या मुलींनी ती केली. घरवापराचे पाणी एका बाजूला आणि आगराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला, दिले जाणारे पाणी दुसऱ्या बाजूला, असे मांडले तेव्हा घरवापर अगदीच थोडा निघाला. पोफळींना पाट सोडून पाणी द्यायची आमची जुनी पद्धत आहे आणि पंप आल्यापासून तो पाट किती वेळ चालतो याकडे कोणाचे लक्ष नसते. त्याऐवजी ठिबक आणि बुंध्याशी झावळ्यांचे, पाचोळ्याचे आच्छादन केले तर बागही जगते आणि विहीरही. हे बागायतदार पुरुषांना सांगायला हवे, आणि ते मुलींनी सांगितले तर अधिक चांगले, कारण पाण्यापायी शाळेचा पहिला तास ज्यांचा बुडतो त्या मुलीच आहेत. आमच्या गावात पाणी भरण्यासाठी मुलाला घरी ठेवल्याचे मी पाहिलेले नाही.

सावधान

उपक्रम चांगला आहे, तरीही पालक म्हणून दोन आक्षेप नोंदवतो. पहिला सुरक्षिततेचा. अनेक जुन्या विहिरींना कठडा नाही, किंवा आहे तो गुडघ्याएवढा आहे. पावसाळ्यानंतर पाणी भरलेल्या चिरेखाणी, म्हणजे जांभ्याचे दगड काढलेले खोल खड्डेही, मुलांना ओढून घेतात आणि तिथे बुडून मुले दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. दुसरा आक्षेप असा की, गोण्या भरणे, गाळ काढणे ही मोठ्यांची कामे आहेत. ग्रामपंचायत आणि पाणीपुरवठा यंत्रणा यांनी करायचे काम 'मुलांचा उपक्रम' म्हणून साजरे होऊ नये. छायाचित्रात मुले दिसतात आणि जबाबदार माणसे सुटतात.

पऱ्याकाठी

सावधान यांचे दोन्ही आक्षेप मला मान्य आहेत आणि नियम म्हणून ते लिहून ठेवण्यासारखे आहेत. छातीएवढा कठडा नसलेल्या विहिरीवर आम्ही मुलांना नेत नाही. तिथली नोंद शिक्षक किंवा वाडीतला एखादा जाणता माणूस घेतो आणि मुले वर्गात तिचा हिशेब करतात. चिरेखाणीचा अभ्यास चित्रावरूनच होतो. बंधाऱ्याच्या दिवशी मुलांकडे काम असते ते मोजण्याचे आणि लिहिण्याचे : किती गोण्या लागल्या, भिंत किती उंच झाली, पाणी मागे कुठपर्यंत तुंबले. गोण्या मोठी माणसेच उचलतात.

जबाबदारीविषयी मात्र माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मुलांचा आकडा हातात आल्यावर मोठ्यांना सुटणे कठीण जाते. नळपाणी योजनेच्या एका जोडावर गळती होती आणि तिच्याविषयी गावात नुसते बोलणे चालू होते. मुलांनी त्याखाली बादली लावून एका मिनिटात किती पाणी पडते ते पाहिले, दिवसाचा हिशेब केला आणि तो कागद ग्रामपंचायतीत नेऊन दिला. कागदाची पोच घेतली. जोड बदलायला तरीही वेळ लागला, पण बदलला गेला.

आगरातली ताईंचा मुद्दा माझ्या मूळ लेखनात यायला हवा होता, इतका तो महत्त्वाचा आहे. या वर्षी घरवापर आणि बागवापर वेगळा मोजण्याचे काम आठवीच्या वर्गाकडे देत आहे.

सावित्रीखोरे

मी महाडचा. आमच्या शाळेत जलदिनाच्या आधी दोन दिवस, २० मार्चला, मुलांना चवदार तळ्यावर नेतात. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी वाचवण्याच्या चर्चेत हा इतिहास कशाला, असे काही पालकांनी विचारले होते. मला तो अत्यावश्यक वाटतो. सार्वजनिक पाण्यावर कोणाचा हक्क आणि ते कोणापर्यंत पोचते, हा प्रश्न सोडून केवळ काटकसरीवर बोलले, तर ज्याच्याकडे आधीच कमी आहे त्यालाच आणखी कमी वापरायला सांगितल्यासारखे होते.

म्हणून आमच्या मुलांनी विहिरीबरोबर नळही मोजले. टाकीजवळच्या पहिल्या वाडीत आणि नळवाहिनीच्या शेवटच्या वाडीत, एकाच सकाळी, पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहिले. शेवटच्या वाडीत बादली भरत आली तेव्हा पाणी बंद झाले. पहिल्या वाडीत त्याच वेळी टाक्या भरून वाहत होत्या. शेवटची वाडी कोणाची आहे हे गावात सर्वांना माहीत आहे, त्यामुळे त्या आकड्यावर सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. नंतर पाणी सोडण्याच्या पाळ्या बदलल्या आणि आठवड्यातून तीन दिवस पहिले पाणी शेवटच्या वाडीला मिळू लागले. पर्यवेक्षण मात्र ठेवावे लागते, नाही तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

खाडीकाठ

गोण्यांविषयी एक सूचना राहिली. वनराई बंधाऱ्याला सिमेंटच्या किंवा खताच्या रिकाम्या गोण्या वापरतात. त्या प्लास्टिकच्या असल्यामुळे उन्हाने जीर्ण होतात आणि पहिल्या पुरात त्यांच्या चिंध्या होऊन खाडीत येतात. आमच्या जाळ्यांत त्या दर पावसाळ्यात सापडतात. खताच्या गोण्या वापरण्यापूर्वी धुऊन घ्याव्यात, धुतलेले पाणी पऱ्यात सोडू नये, आणि मे अखेरीस बंधारा उकलून गोण्या मोजून परत घ्याव्यात. जितक्या घातल्या तितक्या आल्या की नाही, हे मुलांच्या वहीत असले तर मोठी माणसे ते काम टाळत नाहीत.

पऱ्याकाठी

अगदी योग्य सूचना. आमच्या नोंदवहीत त्यासाठी एक रकाना वाढवतो.

नवी शाळा

आम्ही दापोली तालुक्यातील एका शाळेत हा उपक्रम येत्या ऑक्टोबरपासून सुरू करू इच्छितो. मोजण्यासाठी दोरी वापरावी की फीत? आणि वहीत नेमके काय लिहावे?

पऱ्याकाठी

दोरी शक्यतो नको. काथ्याची किंवा सुती दोरी भिजली की तिची लांबी बदलते आणि नायलॉनची ताणली जाते, त्यामुळे दोन महिन्यांतल्या आकड्यांची तुलना करता येत नाही. बांधकामावर वापरतात ती तीस मीटरची फायबरची फीत घ्यावी आणि तिच्या टोकाला मूठभर वजनाचा गंजत नसलेला गोळा बांधावा. गोळ्यामुळे वाढलेली लांबी एकदा मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. गोळा पाण्याला टेकला की आवाज येतो; तेवढ्या क्षणी फीत खुणेशी धरून आकडा वाचावा, आणि दोन मुलांनी वेगवेगळा वाचून तो जुळवावा.

वहीत तारीख, वेळ, खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर, आदल्या रात्री पंप चालू होता का, आठवड्यात पाऊस झाला का आणि मोजणाऱ्यांची नावे, एवढे पुरे. किनाऱ्याजवळची विहीर असेल तर क्षारांचा आकडा घ्यावा. खूण रंगवण्याआधी विहिरीची एकूण खोली आणि व्यास मोजून ठेवावा, म्हणजे लिटरचा हिशेब पहिल्या आठवड्यापासून करता येईल. दापोलीकडे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातही पाऊस होतो, तरी नोंद सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारीच सुरू करावी. भरलेल्या विहिरीचा तो आकडा नंतर कधी मिळत नाही. आमच्या वहीच्या एका पानाचे छायाचित्र उद्या इथे जोडतो.